काढलेल्या विषाचा पत्ता

पाण्यातला जंतू मारता येतो, शिसे मारता येत नाही. पाणी खळखळून उकळले की पटकीचा जंतू संपतो. नदीत पडलेला पालापाचोळा, शेण, मैला यांना नदीतलेच सूक्ष्म जीव पचवतात आणि मध्ये पुरेसे अंतर मिळाले तर पाणी पुन्हा बऱ्यापैकी निर्मळ होते. शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांचे तसे नाही. ही मूलद्रव्ये आहेत. जाळली, आम्लात विरघळवली, जमिनीत पुरली, तरी संयुगे तेवढी बदलतात. मूळ द्रव्य होते तेवढेच उरते. असलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती रूप पालटते, हे सांख्यांनी अवघ्या सृष्टीबद्दल मांडलेले मत निदान जड धातूंना तरी तंतोतंत लागू पडते. मग असे पाणी आपण ‘शुद्ध केले’ म्हणतो तेव्हा घडते काय? इथले विष तिथे जाते, एवढेच. यावरून शुद्धी ही नुसती बोलण्याची सोय आहे, प्रत्यक्षात ती अशक्यच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. मला तो मान्य नाही. शुद्धी शक्य आहे; मात्र तिचा पुरावा स्वच्छ झालेल्या पाण्यात शोधून भागत नाही. काढलेले विष आज कुठे आहे आणि कोणाच्या हवाली आहे, याचे उत्तर देता येते की नाही, यावर ती खरी की खोटी हे ठरते.

हा प्रश्न आज इतक्या नेमकेपणाने विचारता येतो तो कृत्रिम पॉलिमरमुळे. मातीत क्षार एकमेकांची जागा घेतात हे थॉम्पसन आणि वे या इंग्रज संशोधकांनी १८५० च्या सुमारास दाखवले होते. १९३५ मध्ये इंग्लंडमध्येच ॲडम्स आणि होम्स यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून केलेल्या कृत्रिम राळेत तोच गुण आणून दाखवला, आणि १९४० च्या दशकात अमेरिकेत द’अलेलिओ यांनी तो पॉलिस्टायरिनमध्ये उतरवला. कारखान्यांत ज्याला नुसते ‘रेझिन’ म्हणतात ते बहुतेक याच कुळातले. दिसायला मोहरीहून बारीक मणी. आत पॉलिमरच्या साखळ्यांचे जाळे, जाळ्यावर जागोजाग ऋण भाराचे गट, आणि तो भार तोलून धरणारे सोडियमचे आयन. शिसे असलेले पाणी त्यातून गेले की शिशाचा एक आयन आत बसतो आणि सोडियमचे दोन बाहेर पडतात. हिशेब चोख असतो. घेतल्याबदल्यात दिल्याशिवाय मणी काही घेत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गर्दीतून नेमका जड धातू उचलायचा तर नुसता भार पुरत नाही, म्हणून धातूला दोन-तीन बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे गट मण्यांना जोडतात. पाऱ्यासाठी गंधक असलेले गट लागतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तेलशुद्धीकरणात उरणारे गंधक आणि संत्र्याच्या सालीतले लिमोनीन यांपासून पारा धरणारा पॉलिमर तयार केला. पारा भेटला की तो पिवळा पडतो. पण कोणताही मणी विष पचवत नाही. तो ते धरतो, आणि जागा संपली की थांबतो. भरलेले मणी आम्लाने किंवा मिठाच्या पाण्याने धुतले की धरलेला धातू पुन्हा बाहेर येतो, आता अगदी थोड्या पाण्यात आणि पूर्वीपेक्षा कितीतरी दाट होऊन.

इथे धर्मकल्पनांशी गाठ पडते, कारण पाणी सगळे सामावून घेते ही जगातल्या अनेक धर्मांची जुनी श्रद्धा आहे. बायबलच्या निर्गम या ग्रंथात मारा नावाच्या ठिकाणी कडू पाण्यात मोशे एक झाड टाकतो आणि पाणी गोड होते, अशी कथा आहे. आयनांच्या या अदलाबदलीचा, म्हणजे आयन विनिमयाचा, इतिहास सांगणारे लेखक ती हौसेने सांगतात. कडूपणा कुठे गेला, हे ती कथा विचारत नाही. भागवत पुराण मात्र विचारते. नवव्या स्कंधात भगीरथ गंगेला पृथ्वीवर यायची विनवणी करतो तेव्हा ती अडून बसते. लोक आपली पापे माझ्यात धुतील, मग ती मी कुठे धुऊ, असा तिचा सवाल आहे. शुद्ध करणाऱ्याच्या बाजूने विचारलेला इतका सरळ प्रश्न दुसरीकडे क्वचित सापडेल. भगीरथाचे उत्तर असे की, ज्यांच्या अंतःकरणात हरीचा वास आहे असे साधू तुझ्यात स्नान करतील आणि तुझे पाप हरण करतील. पापापुरते हे उत्तर सुसंगत आहे, कारण पापाचा नाश करणारा कोणी तरी आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे. पाऱ्याचा नाश करणारा कोणी नाही. म्हणून धातूंच्या बाबतीत गंगेचा प्रश्न तसाच उभा राहतो आणि भगीरथाचे उत्तर तिथे चालत नाही. आपण मात्र प्रश्न विसरलो आणि उत्तर सोयीस्करपणे सगळ्याच घाणीला लावले.

त्या सोयीची किंमत जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाताने मोजली. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनत होते, पारा उत्प्रेरक म्हणून वापरला जात होता आणि सांडपाणी समुद्रात जात होते. समुद्र अफाट, पारा थोडा; विरून जाईल, हा हिशेब. पण त्या सांडपाण्यातला मिथिल पारा, म्हणजे सेंद्रिय रूपातला पारा, विरत नाही. तो सूक्ष्म जीवांत साठतो, त्यांच्यातून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत, आणि दर पायरीला दाट होत शेवटी माणसाच्या मेंदूत पोचतो. १ मे १९५६ रोजी आजाराची अधिकृत नोंद झाली. पुढे दोन हजारांवर रुग्णांना सरकारी मान्यता मिळाली, आणि मान्यता न मिळालेल्यांची लढाई अनेक दशके चालली. माझ्या विषयाच्या दृष्टीने यातला सर्वांत बोलका प्रसंग १९५९ च्या डिसेंबरातला आहे. कंपनीने ‘सायक्लेटर’ नावाचे जलशुद्धीकरण यंत्र बसवले. उद्घाटनाला मान्यवर जमले आणि कंपनीच्या अध्यक्षांनी यंत्रातून आलेले म्हणून पेलाभर पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखवले. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे पाणी त्या वेळी यंत्रातून जातच नव्हते. सेंद्रिय पारा काढणे हा त्या यंत्राचा हेतूच नव्हता, लोकांचा रोष शमवण्यासाठी ते बसवले होते, हे पुढे न्यायालयातल्या साक्षीत उघड झाले. त्याच सांडपाण्याने मांजराला हा आजार होतो, हे कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांच्या प्रयोगात त्याआधी दोन-अडीच महिने दिसलेले होते. विषारी पाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले.

पाणी पिऊन दाखवणे हा शुद्धीचा विधी होता, रसायनशास्त्र नव्हते. आणि विधी पाण्याला स्पर्शही न करता पार पडू शकतो हे मराठी वाचकाला जपानकडून शिकायची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले. त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून मंत्रोच्चारात ते ‘शुद्ध’ करण्यात आले. मिनामातात पाणी खरोखर विषारी होते आणि त्याला शुद्ध ठरवले गेले; महाडात पाण्याला काहीच झालेले नव्हते, तरी ते अशुद्ध ठरले आणि शुद्धी म्हणून त्यात शेण पडले. दोन्हीकडे निकाल पाण्याबाहेर, माणसामाणसांतल्या सत्तेने लावला होता. याला एक विलक्षण जोड आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त आणि विष टाकू नये असा स्पष्ट निषेध आहे. हीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली, आणि ती जाळण्यामागची कारणे मला पूर्ण पटतात. पण समाजाने त्या ग्रंथातले काय जपले आणि काय टाकले हेही पाहण्यासारखे आहे. कोणाचा हात लागल्याने पाणी विटाळते याची शतकानुशतके जागरूक नोंद ठेवली गेली. विष टाकू नये हा नियम मात्र कोणाच्या फारसा कामी आला नाही. तो पाळायचा तर ज्यांच्या हातात विष आहे त्यांना अडवावे लागले असते.

श्रद्धाळू माणूस इथे हरकत घेईल. तीर्थाची पवित्रता आध्यात्मिक आहे, ती प्रयोगशाळेत मोजायची गोष्ट नाही; तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करता, असे तो म्हणेल. हरकत वजनदार आहे. स्नानाने मन निवळते, नम्र होते, असे कोणी म्हणत असेल तर पारा मोजणाऱ्या यंत्राला त्यावर बोलायचा अधिकार नाही. परंतु गल्लत होते ती बहुधा उलट्या दिशेने. नदी मुळातच पवित्र आहे, तिला काही बाधत नाही, या भरवशावर तिच्यात रंगाचे, प्लेटिंगचे, चामड्याचे पाणी सोडले जाते किंवा सोडू दिले जाते तेव्हा आध्यात्मिक विधान रासायनिक विधानाचे काम करू लागते. तसे ते करू लागले की त्याची रासायनिक परीक्षा होणारच. भारतीय मानक पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पाऱ्याला ०.००१ मिलिग्रॅम, कॅडमियमला ०.००३ आणि शिशाला ०.०१ मिलिग्रॅम इतकीच सूट देते. ही मर्यादा भक्ताच्या आणि नास्तिकाच्या मूत्रपिंडाला सारखीच आहे.

दुसरी हरकत मला अधिक अडचणीची वाटते. पाणी साफ करणारी तंत्रे जितकी चांगली, तितकी घाण करणाऱ्याला मोकळीक जास्त. प्रायश्चित्त स्वस्त झाले की अपराध वाढतात. सायक्लेटर हे याचेच उदाहरण नव्हे काय? याचे उत्तर शोधताना जैन दर्शनाइतका उपयोगी आधार मला दुसरा सापडत नाही. जैन विचारात कर्म ही नुसती नैतिक नोंद नाही. ते पुद्गल आहे, सूक्ष्म द्रव्य आहे, आणि ते जीवाला येऊन चिकटते. या द्रव्याचे आत येणे म्हणजे आस्रव, चिकटणे म्हणजे बंध, येणे थांबवणे म्हणजे संवर आणि चिकटलेले झाडून टाकणे म्हणजे निर्जरा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हा क्रम नेमका आहे: संवर आधी, निर्जरा नंतर. नवे द्रव्य येतच राहिले तर झाडलोटीला अंत नाही. पॉलिमर हे निर्जरेचे साधन आहे. संवराच्या जागी ते बसवले तर हरकत घेणाऱ्याचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरते. पण संवर पुरा झाला तरी निर्जरा उरतेच, हेही त्याच क्रमात सांगितलेले आहे. चिस्सोने ते उत्पादन बंद केले तेव्हा उपसागराच्या तळाशी पारा होताच.

आणि काही विष तर कोणीच टाकलेले नसते. पटकी, अतिसार यांपासून बचाव व्हावा म्हणून १९७० च्या दशकापासून बंगालमध्ये मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि हिमालयातून वाहून आलेल्या गाळातले आर्सेनिक त्या पाण्याबरोबर वर आले. जंतूंपासून वाचवण्यासाठी दिलेले पाणीच विषारी निघाले. इथे कोणाला दोष देऊन पाणी पिता येत नाही. लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता आणि शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील त्यांचे सहकारी यांनी १९९७ पासून उत्तर २४ परगणा भागातील गावांमध्ये विहिरीच्या तोंडाशीच आर्सेनिक गाळणारी यंत्रे बसवली. सुरुवातीला त्यांत ॲल्युमिना होते. पुढे लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पोटात घेतलेले पॉलिमरचे मणी आले. गावची समिती यंत्र सांभाळते, घरे थोडी वर्गणी देतात. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढची. मणी धुतल्यावर निघणारा आर्सेनिकचा गाळ गावाबाहेर कुठे तरी लोटून दिला जात नाही. यंत्राच्या आवारातच जाड वाळूच्या उघड्या गाळणीत तो हवा लागेल असा ठेवला जातो. कारण तोच गाळ हवा नसलेल्या खड्ड्यात पुरला तर लोहाचे रूप बदलते आणि आर्सेनिक सुटून पुन्हा भूजलात उतरते. ज्यांनी पाणी प्यायले त्यांच्याच नजरेसमोर विष राहते. गंगेच्या प्रश्नाला मला माहीत असलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे: तुझे विष आम्ही ठेवून घेतो, आणि कसे ठेवले आहे ते दाखवतो. पाण्यात विखुरलेल्या विषाची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही. मण्यात गोळा झालेल्या विषाची टाकता येते. पॉलिमरचे नैतिक मोल मला इथे दिसते. तो विषाला पत्ता देतो.

यावर तिसरी हरकत उरते, ती अशी की पॉलिमर स्वतःच प्लास्टिक आहे. तो खनिज तेलापासून बनतो, झिजला की त्याचे कण पाण्यात जातात, आणि आयुष्य संपले की तोही घातक कचरा होतो. हे खोडून काढायचा प्रयत्न मी करणार नाही, कारण ते खरे आहे, आणि मिनामाताने त्याला आणखी बोचरे केले आहे: चिस्सोच्या ॲसिटाल्डिहाइडपासून पुढे जी रसायने बनत त्यांत पीव्हीसी मऊ ठेवणारे रसायनही होते. एका पॉलिमरच्या हौसेने पारा समुद्रात गेला आणि आता दुसरा पॉलिमर पारा धरायला निघाला आहे. या हरकतीने माझा मुद्दा पडत नाही, वाढतो. मग पत्ता नुसत्या धातूचा नव्हे, धरणाऱ्याचाही द्यावा लागेल. गंधकाच्या गटांची पाऱ्यावरची पकड इतकी घट्ट असते की मणी पुन्हा मोकळे करणे महागात पडते आणि पुष्कळदा ते पाऱ्यासकट टाकावे लागतात. ते साध्या भट्टीत जाळले तर पारा वाफ होऊन हवेत जाईल, म्हणजे पाण्यातून काढून आभाळात सोडल्यासारखे होईल. पाऱ्याच्या कचऱ्यासाठी आज मान्य असलेला एक मार्ग म्हणजे त्याचा गंधकाशी संयोग करून सल्फाइड बनवणे आणि ते कोरड्या, बंदिस्त जागी ठेवणे. खाणीत पारा सापडतो तोही मुख्यतः याच रूपात. आपल्या रसशास्त्रात पारा शिवाचा आणि गंधक पार्वतीचा मानून दोन्ही खलात घोटून कज्जली करत, ती रसायनाच्या भाषेत याच जातीची. ती औषध म्हणून घ्यावी असे मी मुळीच सुचवत नाही, पण पाऱ्याला बांधायचे तर गंधकानेच, हे त्या वैद्यांना ठाऊक होते.

मिनामाता उपसागराचा गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसला गेला. सुमारे १५ लाख घनमीटर गाळ पोलादी भिंतींच्या आड भरून ५८ हेक्टर जमीन तयार झाली आणि तिच्यावर आज उद्यान आहे. रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवलेल्या लहान दगडी मूर्ती तिथे समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. या आजाराने वडील गमावलेले मच्छीमार मासातो ओगाता यांनी १९८५ मध्ये रुग्ण म्हणून मान्यता मिळावी यासाठी केलेला स्वतःचा अर्ज मागे घेतला, आणि पुढे चिस्सो म्हणजे मीच होतो अशा अर्थाची भूमिका मांडली. हे कंपनीला दिलेले क्षमापत्र नव्हते. कंपनीचा गुन्हा न्यायालयात ठरलेला होता. त्या कारखान्याच्या मालावर चालणाऱ्या जगण्यात आपणही आहोत, हे ते म्हणत होते. बळी पडलेल्या माणसाने हे म्हणणे आणि आपण म्हणणे यांत फार अंतर आहे, आणि आपण ते त्याच्याआधी म्हणायला हवे होते. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचा पडदाही पॉलिमरचाच. त्याने अडवलेले सगळे, धातूसकट, टाकाऊ पाण्याच्या नळीने मोरीत जाते आणि आपण त्याला शुद्ध पाण्याचे यंत्र म्हणतो. घरगुती प्रमाण छोटे असेल. सवय मात्र सायक्लेटरच्या जातीची आहे.

महाराष्ट्रात घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामायिक सुविधा आहेत. रेझिनचे धुणे असो, प्लेटिंगचा गाळ असो, कारखान्याबाहेर जाणाऱ्या अशा प्रत्येक खेपेबरोबर तो कचरा कोणी दिला, कोणी वाहिला आणि कोणी घेतला हे सांगणारा कागद जावा लागतो. २०१६ च्या नियमांनी तो बंधनकारक आहे. एखादा कारखाना, नगरपालिका किंवा देवस्थान आम्ही पाणी शुद्ध करून सोडतो असे सांगू लागले, तर पाण्याचा पेला मागू नका. तो कागद मागा.